तब्येत बरी असताना

विक्रम पावरा चोवीस वर्षांचा झाला तरी लहान मुलांच्या डॉक्टरकडेच जात होता. सिकलसेल हा रक्ताचा आजार जन्माचा, आईबापांकडून आलेला. लहानपणी धरलेला डॉक्टर सोडून जायचं कुठे? भिंतीवरच्या हत्तीखाली, दूध ओकणाऱ्या बाळांच्या रांगेत तो मिशा घेऊन बसे. शेवटी डॉक्टरांनीच हात जोडले.

तेव्हापासून त्याला मोठ्या माणसांचा डॉक्टर मिळवून देणं ज्योत्स्नाच्या गळ्यात पडलं. ती एका संस्थेत असते; सातपुड्याच्या पायथ्याकडचे असे पेशंट तिच्याकडे. विक्रम मूळचा तिकडचा, पण पारोळ्यात गाड्या दुरुस्त करतो. तिथले डॉक्टर 'सिकलसेल' ऐकलं की म्हणत, "हे मोठ्या हॉस्पिटलचं काम." मोठं हॉस्पिटल, मग ते जळगावचं असो की धुळ्याचं, म्हणे, "खोकल्यासाठी इथवर? गावात डॉक्टर मेले का?" दोघांचंही थोडंथोडं बरोबर असल्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. विक्रम कणकण अंगावर काढी आणि हाडं ठणकायला लागली की भरती होई.

आपली चूक ज्योत्स्नाच्या उशिरा लक्षात आली. ती दर वेळी आजारी विक्रमला न्यायची, आणि डॉक्टर घाबरायचा. मग एकदा तिने त्याला ठणठणीत असताना, इस्त्रीचा शर्ट घालायला लावून, पारोळ्यातल्याच म्हाताऱ्या डॉक्टर शालिग्राम नानांकडे नेलं. सोयरिकीला मुलगा दाखवतात तसं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज काही नाही, नाना," विक्रम म्हणाला.

कंपाउंडर वनाला राहवलं नाही. "काही व्हत नई, मंग दवाखानामा कसाले उना रे भो?"

"ओळख करून घ्यायला," ज्योत्स्ना म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मला यातलं फारसं कळत नाही, बाई."

दोन वर्षांत हे कबूल करणारा हा पहिलाच. "कळणाऱ्यांचा नंबर मी देते. ताप आला तर आधी तुम्ही बघायचं आणि त्यांना फोन करायचा."

"दुपारी मी झोपतो."

"दुपारी आजारी पडत नाही," विक्रम म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात ताप आला. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला दिलं, फोन लावला, विचारून औषध दिलं. भरती व्हायची वेळ न येता विक्रम कामावर गेला.

ज्योत्स्ना गॅरेजवर आली तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. पण एवढ्याशा कामाला दोन वर्षं लागली, याचा राग काढायला समोर कोणीच नव्हतं. म्हणून, या आजारात सारखं पाणी प्यायचं असतं हे माहीत असून भर उन्हात पाण्याची बाटली अजून भरलेली का, यावरून तिने विक्रमला सगळ्यांदेखत झापलं.