लढाईचा दगड

कारगिलची लढाई झाली त्याच्या पुढच्या मे महिन्यात आम्ही नाशिकहून शिरूर तालुक्यात, माझ्या नणंदेकडे सुट्टीला गेलो होतो. मुलगा आठ वर्षांचा होता, मुलगी पाचची. वर्षभर टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या बघून मुलाच्या डोक्यात जवानच बसले होते. आत्याच्या घरी पोचल्या पोचल्या त्याने विचारलं, "इथे जवानांचं स्मारक आहे का?"

नणंदेचे यजमान, ज्यांना मुलं मामा म्हणायची, हसले. "हाय की. पाबळच्या वाटंला एका गावात लढाईचा दगड हाय. दावतो उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी वढूला समाधीचं दर्शन घेतलं आणि तिथून मामांनी जीप त्या गावाकडे वळवली. वाटेत मुलाने तोफ असेल का, रणगाडा असेल का, संगीन लावलेला पुतळा असेल का, असं विचारून मामांना हैराण केलं. मामा प्रत्येक प्रश्नाला "बघू की" म्हणत होते. त्यांनीही तो दगड लहानपणीच कधीतरी पाहिला असावा.

जुन्या चावडीसमोर जीप थांबली. चावडी बंदच होती, कुलूपसुद्धा गंजलेलं. दाराशेजारी भिंतीत परातीएवढी संगमरवरी फरशी बसवलेली होती. भिंतीला चुना देताना दरवर्षी थोडा थोडा तिच्यावरही गेलेला. फरशीवर मधोमध हळदकुंकू होतं आणि खाली दोन शेवंतीची फुलं.

"एवढंच?" मुलगा म्हणाला.

तरी तो पुढे झाला. वरच्या ओळी इंग्रजीत होत्या, खालच्या मराठीत. तो इंग्रजी शाळेतला, म्हणून वरचं अडखळत वाचलं. या गावातून काही माणसं 'ग्रेट वॉर'ला गेली, एवढं लागलं. पुढचा कोपरा आकड्यांसकट फुटलेला होता.

"आई, ग्रेट म्हणजे छान ना? छान युद्ध?"

"नाही रे. मोठं. महायुद्ध."

"कोणाशी?"

"जर्मनीशी. आणि तुर्कांशी."

"आपण कोणाच्या बाजूने होतो?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "इंग्रजांच्या."

मुलाचा चेहरा असा झाला की जणू आम्ही त्याला फसवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात नुकताच तो क्रांतिकारक झाला होता आणि इंग्रज झालेल्या पोराला त्याने खरंच ढकललं होतं. "इंग्रज तर वाईट होते ना? मग हे आपले लोक वाईट होते?"

"वाईट नव्हते," मी म्हणाले. "तेव्हा राज्य त्यांचं होतं. लोक नोकरीसाठी जायचे." पण बोलताना मलाच ते पटेना. धाकटीने तोवर दगडाला हात जोडून, डोळे मिटून नमस्कार करून टाकला होता. तिला तो देवच वाटला. 

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "कुठलं पाव्हणं?" तिने विचारलं. मामांनी ओळख सांगितली. मग तिने धाकटीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"पड बाय पाया. आमचाच हाय त्यो. माझ्या सासऱ्याचा थोरला भाऊ. मेंढरं हुती तवा आमच्यात. काठी आन् घोंगडं बापाच्या हातात दिलं आन् दर्यापल्याड बसऱ्याच्या लढाईला गेला. माघारी आलाच न्हाई. सासू लावायची कुकू, आता मी लावते."

"मावशे, त्यो काय तुझ्या एकटीचा हाय?" मागून आवाज आला. पारावर बसलेले एक गृहस्थ उठून आले. पांढरं धोतर, गांधी टोपी. मामांनी त्यांना "राम राम आप्पा" म्हटलं. "माझा चुलताबी गेलता. त्योबी लढाईतच गेला."

"तुमचा चुलता कुठं मेला, आप्पा? त्यानं तिकडंच बाई केली. माझी सासू सांगायची."

"जीभ आवर. पोरंबाळं हायती समोर."

"खोटं हाय का? दगडावर एकच मेला म्हणून लिवलंय. त्यो आमचा."

"एक न्हाई, नऊ हाय त्यो!"

भांडण जुनं होतं, हे कळायला वेळ लागला नाही. मराठी ओळीत शेवटी 'त्यांपैकी' अशी अक्षरं दिसत होती, पुढे कुठलासा आकडा आणि मग 'मृत्यू'; त्यापुढचं चुन्याखाली गेलेलं. आकडा १ होता की ९, ते चुन्यामुळे ओळखू येत नव्हतं. आप्पांच्या मते नऊ, म्हणजे त्यांचा चुलता त्यात आला. म्हातारीच्या मते एक.

म्हातारीने मुलाला पुढे ओढलं. "तू शाळेत जातोस ना रं बाळा? सांग बरं, एक हाय का नऊ?"

मुलाने आकड्यावरून बोट फिरवलं. त्याला मराठी आकडे धड यायचे नाहीत. तो रडवेला होऊन माझ्याकडे बघू लागला. "आई, वन की नाइन?"

"ताई, तुम्हीच सांगा," आप्पा म्हणाले. "तुम्ही शिकल्यालं हायसा."

मी वाकले. पदराच्या टोकाने चुना पुसला. एका बाजूने पाहिलं तर एक. जरा सरकले तर खालची रेघ लांब वाटली, नऊ दिसला. दोन्ही म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. एकदम मनात आलं, नऊ असावा. नऊ असला तर दोघांचीही माणसं त्यात मावतील आणि भांडण मिटेल. आणि लगेच दचकले, की आणखी आठ माणसं मेलेली असावीत असं मला वाटतंय! एक असावा असं वाटायला हवं होतं. पण मग तो कोणाचा?

"मला नऊसारखा वाटतोय," मी म्हणाले. "पण खात्रीने नाही सांगता येत."

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "बघ! म्या काय म्हणत हुतो?"

म्हातारी मात्र खट्टू झाली नाही. ती दगडाकडे बघत राहिली. "नऊ?" ती म्हणाली. "येवढी? मंग बाकीच्यांची घरं कुठं हायती, आप्पा? कोनीच कसं येत न्हाई?"

 आप्पांनी एकदोन आडनावं मनाशी पुटपुटल्यासारखं केलं, मग मान हलवली. "ठावं न्हाई बा."

म्हातारी घरात गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. आधीच्या कुंकवाशेजारी तिने बोटं टेकवत आणखी आठ टिळे लावले. त्यातल्या एकावर बोट ठेवून, आप्पांकडे न बघता म्हणाली, "ह्यो तुमच्या चुलत्याचा. बाई केली आसंल नसंल, जाऊ द्या." आप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग आम्हाला चहाचा आग्रह झाला, पण आम्ही उन्हाचं कारण सांगून निघालो.

जीप सुरू होताच नवरा म्हणाला, "एकच होता तो. मला स्पष्ट दिसलं."

"मग बोललात का नाही?"

"मला कुठे विचारलं कोणी?"

शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत जीप अडकली. मामांनी बाजूला घेऊन उसाचा रस मागवला. मुलगा रस न पिता ग्लास धरून बसला होता.

"आई, आपण पंधरा ऑगस्टला त्या लोकांसाठी पण सॅल्यूट करतो का?"

"करतो," मी म्हणाले. मग वाटलं, खरंच करतो का? "म्हणजे, करायला पाहिजे."

"पण ते तर इंग्रजांसाठी गेले."

धाकटी मधेच म्हणाली, "ते मेंढ्या सोडून गेले. त्या आजीने सांगितलं." तिच्या लेखी प्रश्न संपला होता. "मेंढ्यांना मग कोणी सांभाळलं?"

"त्याच्या धाकट्या भावानं," मामा म्हणाले. "त्या म्हातारीच्या सासऱ्यानं. दुसरं कोन सांभाळनार?"

हे उत्तर मात्र दोघांनाही पटलं. मुलाने रस पिऊन टाकला आणि आणखी मागितला. मी दोघांची तोंडं पुसली. समोरून ट्रकामागून ट्रक जात होते, आणि पंधरा ऑगस्टचं नीट काय सांगायला हवं होतं, ते मला काही केल्या सुचत नव्हतं.