सगुणाचं डोकं

आमच्या गावात कुणी गेल्याची बातमी आधी पाव विकणाऱ्या पोदेराला कळते, मग देवाला, आणि सवड मिळाली तर वर्तमानपत्राला. त्या सकाळी पोदेर माझ्या दारात आला आणि पाव काढायचे सोडून सायकल धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "सगुण गेलो मरे."

"खंय गेलो?" मी विचारलं. कारण गेली काही वर्षं सगुण सारखा कुठे ना कुठे जातच असे. कधी पेडण्याच्या बाजारात चपलांशिवाय सापडायचा, कधी तेरेखोलच्या फेरीबोटीत कठड्याला धरून उभा. मग कुणीतरी ओळखायचं आणि स्कूटरवर मागे बसवून घरी पोचवायचं. पोदेराने पाव माझ्या हातात ठेवले आणि मान खाली घालून पुढच्या दारी गेला. तेव्हा उमगलं, की या खेपेला स्कूटर काढून उपयोग नाही...

सगुण म्हणजे स्टॉपर सगुण. मुरगावच्या बाजूच्या एका फुटबॉल क्लबात तो उमेदीची सगळी वर्षं खेळला. बचावफळीच्या मधोमध, गोलकीपरच्या पुढ्यात. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात. स्टॉपरचा आलाच तर जमिनीवर आडव्या झालेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी येतो. सगुणाचं सगळं वैभव कपाळात होतं. हवेतला चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेलेला मी कधी पाहिला नाही, आणि पाहिला असेल तर इथे लिहिणार नाही. एकदा त्याने हेड मारलेला चेंडू नदीत पडला, ओहोटीबरोबर समुद्रात गेला आणि भरतीला परत आला. तोवर दोन्ही टीमा काठावर बसून होत्या. फोंड्याचा एक फॉरवर्ड तर त्याला चुकवायच्या नादात असा सुटला की मैदान, दगडांचा गडगा, चहाचा गाडा ओलांडून थेट फोंड्याच्या बसमध्ये जाऊन बसला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. ज्याला शंका असेल त्याने तेव्हा यायला हवं होतं.

या गोष्टींना सगळा पेडणे तालुका हसायचा, एक शालनवयनी सोडून. सगुणाची ही बायको डिचोलीची. बाप खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर. खड्ड्यातून नेलेल्या गाडीचं बाहेरून काही दिसत नसलं तरी आत काय काय सुटतं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. लग्न झाल्यापासून तिची मागणी एकच होती: हा माणूस घरी येईल तो डोक्यासकट यावा. मॅचीवरून आला की तो अंगणात बसून विचारायचा, "मी जेवलंय काय गो?" घरातले हसायचे. खेळून दमलाय, म्हणायचे. ती मात्र त्याच्या डोळ्यांत बघत राहायची.

मे महिन्यात क्लबांना सुटी असते, तेव्हा नावाजलेले खेळाडूही आपापल्या गावाच्या टीमीत उतरतात. गावाची इज्जत ती! त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यातली गोष्ट. कापणी झालेल्या शेतावर सेमीफायनल चालली होती. कॉर्नर आला, सगुण उडाला, समोरचा फॉरवर्डही उडाला, आणि दोन डोकी एकमेकांवर अशी आपटली की देवळाच्या पायरीवर बसलेल्यांनाही ऐकू गेलं. फॉरवर्डला उचलून न्यावं लागलं. सगुण मात्र उठला. उठला आणि शांतपणे चालत समोरच्या टीमीच्या गोलात जाऊन उभा राहिला. नजर एका जागी खिळलेली, अंगाला थरथर, आणि कुठल्या तरी घोगऱ्या, परक्या आवाजात म्हणाला, "ही खंयची जागा?"

आता दुसऱ्या कुठल्याही गावात बर्फ शोधला असता. आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान असलेले बाबलकाका धावत आले, त्यांनी सगुणाकडे एकदा निरखून पाहिलं आणि हात जोडले. "अवसर इलो!" देव अंगात येतो त्याला आमच्याकडे अवसर म्हणतात. झालं. शेताचं देऊळ झालं. कुणी नारळ आणला, कुणी उदबत्त्या. दुसऱ्या टीमीचे लोकसुद्धा चपला काढून रांगेत उभे राहिले. एकाने तर मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारून घेतलं. बाबलकाकांनी विचारलं, "देवा म्हाराजा, फायनल आमचीच मां?" सगुण म्हणाला, "पाणी." लगेच अर्थ लागला, की फायनल पाण्यासारखी सोपी जाणार.

एवढ्यात त्या पुरुषांच्या गर्दीत नवी नवरी शालन घुसली. डोक्यावरचा पदर सुटलेला, आवाज चिरलेला. "देव नाय तो! मार लागलाहा तेंका! दाक्तराकडे न्या!"

"सूनबाई, देवाच्या मधी पडा नको," बाबलकाका म्हणाले, आणि तेही अगदी मायेने. तिला बायकांनी हाताला धरून बाजूला नेलं. सगुणाच्या कपाळाला अंगारा लागला. फायनलीत तो खेळला, डोक्यानेच खेळला, आणि आम्ही जिंकलो. मग काय विचारता... तेव्हापासून त्याची शुद्ध हरपली की त्याच्या पुढ्यात दिवा लागायचा.

सर्वांत वाईट हे की त्याचाही विश्वास बसला. "माका कायच आठवना नाय," तो मला म्हणाला होता. "पण इतके लोक म्हणतत म्हणजे आसतला काय तरी." क्लबात मात्र त्याने हे लपवलं. तिथे देवाला कोण विचारतो? कोचाचा हिशोब सरळ होता: डोकं मागे घेणाऱ्या स्टॉपरला बाकावर बसवा. भिजून दगड झालेले चेंडू सगुण कपाळावर घेत राहिला. गोल वाचायचा, आणि घरी शालनवयनी दुसऱ्या दिवशी हळूच विचारायची, "काल मॅच कोणाशी होती?" त्याला आठवलं तर ती चहा टाकायची. नाही आठवलं तरी टाकायची, पण बोलायची नाही.

खेळणं सुटल्यावर थोडी वर्षं बरी गेली. मग चहात मीठ, शर्टावर शर्ट, आणि एके दिवशी स्वतःच्या मुलीला "तू कोणाची गो?" असं विचारणं. तेव्हा ती कुणाला न विचारता त्याला पणजीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी सोबतीला होतो. डॉक्टरने मेंदूचा फोटो उजेडावर धरला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, "यांना डोक्याला कधी मार लागला होता का?" वयनी हसली. तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं आणि पुन्हा पाहू नये असं वाटलं. म्हणाली, "दाक्तरांनू, पगार तेचोच होतो." डॉक्टर खरं तेच बोलले. आता उरलंय ते धरून ठेवता येईल, गेलेलं माघारी आणता येणार नाही.

धरून ठेवणंही फार काळ जमलं नाही. माणसं गेली, नावं गेली, क्लब गेला. राहिली फक्त जागा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तो सकाळी उठून पुढच्या सोप्यावरून स्वयंपाकघरात जायच्या दारात उभा राहायचा. गुडघे जरा वाकवलेले, हात अंगापासून सुटे, नजर समोरच्याच्या पायांवर. कुणालाही आत सोडत नसे. मी उभ्या आयुष्यात फॉरवर्ड खेळलो. मी डावीकडे गेलो की तो डावीकडे, मी उजवीकडे की उजवीकडे, आणि तोंडावर ओळखीची एक रेषा नाही. वयनीला मात्र दिवसभर त्याच दारातून ये-जा. तिने शिकून घेतलं. डावा खांदा झुकवायचा, तो तिकडे सरकला की उजवीकडून निसटायचं, हातात भाताचं टोप असलं तरी. ज्याला चुकवायला मोठमोठे थकले, त्याला ही डिचोलीची बाय जेवण वाढता वाढता चुकवायची. एकदा माझ्यासमोर ती अशीच निसटली आणि सगुण वळून तिच्याकडे बघतच राहिला. मग मला म्हणाला, "बरी खेळता रे. खंयच्या क्लबाची?"

ती आत भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. "तुमच्याच."

तो विचारात पडला. मग मान हलवून म्हणाला, "ना. आमच्यात बायल नाय."

पुढे गिळायचंही विसरला. न्यूमोनियाचं निमित्त झालं. दहनाला सगळा गाव लोटला. त्याच्या डोक्याच्या गोष्टी तिथेही चालू होत्या, आणि या वेळी मी गप्प होतो. बाबलकाकांच्या मुलाने चितेवर नारळ ठेवला. वयनीने तो बघितला.

परवा तिला भेटायला गेलो. सोप्यावर बसलो. आतून कपबशांचा आवाज आला, आणि ती चहा घेऊन निघाली. दार मोकळं होतं. दारापाशी आल्यावर तिचा डावा खांदा झुकला, पाऊल थबकलं, आणि ती उजव्या बाजूने अंग चोरून बाहेर आली. बशीत एक थेंब सांडला नव्हता. आम्ही मुलीविषयी बोललो, उन्हाविषयी बोललो. चहा झाल्यावर कप आत ठेवायला मी उठलो, त्या दारापर्यंत गेलो... आणि अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने आत शिरलो.