"सिरीयस हाय, निघ"

शाळेत गणिताचे सर खडू फेकून ओरडायचे, "जरा सिरीयस व्हा!" म्हणजे दात काढणं बंद करा. पुढे हाच शब्द दवाखान्यातून गावात आला. पेशंट सिरीयस आहे, अकोल्याला न्या, असं डॉक्टर म्हणायचे आणि नेलेलं माणूस बहुधा आडवंच परत यायचं. मग गावानं इंग्रजांना न विचारता अर्थ बदलून टाकला. आमच्या आसेगावात मेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. लांबून येणाऱ्याला प्रवास झेपावा म्हणून 'सिरीयस आहे' एवढंच सांगतात. ऐकणारा काय ते समजतो.

पुण्यात एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आई सिरीयस हाय. निघ." मी काहीच विचारलं नाही. बसमध्ये रडून घेतलं. शेलूबाजारहून जीपमध्ये बसले तोवर मनातल्या मनात आईला शेवटची अंघोळ घालून झाली होती.

घरात शिरले तर आई खाटेवर, हाताला सलाईन, डोळे उघडे. मी किंचाळलेच. "मी तं खरंच सांगतलं होतं वो ताई," भाऊ पुटपुटला.

तेवढ्यात मामा आला. काखेत पिशवी. सवाष्ण गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवून नेतात. तोही माझ्यासारखाच समजून आला होता. बहिणीला जिवंत पाहून त्यानं पिशवी पाठीमागे लपवली.

"काय आनलं रे?" आईनं विचारलं. मामा पिशवीसकट भिंतीला टेकला. "आनलंच हाय तं दाखव."

तिनं लुगड्यावरून सावकाश हात फिरवला. "काठ बारीकच आनला," म्हणाली. मामा अंगणात जाऊन रडला. मला त्या हिरव्या रंगाची भीती वाटली, अजून वाटते.

आई त्या दुखण्यातून उठली. लुगडं माघारी नेत नाहीत, म्हणून ते तिच्याच पेटीत आहे. ती त्याला अधूनमधून ऊन दाखवते.

"यापुढे असेल ते सरळ सांगत जा," मी भावाला बजावलं.

"माह्या तोंडातून नाई निंगनार, ताई."

आता तो रोज संध्याकाळी फोन करतो. "आई बरी हाय," म्हणतो, आणि माझा विश्वास बसत नाही. मी आधी तिचा आवाज ऐकते. काल तो म्हणाला, "झोपली हाय." मागून तिचा खोकला ऐकू आला, तोवर माझ्या बॅगेत दोन साड्या गेल्या होत्या.