वडिलांनी धूर सोडला

डॉक्टरांनी वडिलांना बजावलं, "बिडी सोडा, फुप्फुसं खलास होतील." वडील शब्दाचे पक्के. निरगुडसरला परतताच त्यांनी बिडीचं बंडल चुलीत टाकलं आणि आईच्या मिश्रीच्या डबीत बोट घातलं. एवढा मोठा त्याग केल्यावर दिवसातून पाचदा दात घासायचा हक्क मिळतोच! मिश्री आता दोघांना लागायची, म्हणून आई रोज तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची. घरभर ठसका उठायचा. वडील तेवढ्यापुरते बाहेर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "धूर लई वाईट, राव. आपून सोडला."

पुढं आईचा खोकला थांबेना. त्याच डॉक्टरांनी तिची छाती तपासून विचारलं, "बाई, दिवसाला किती बिड्या ओढता?"

वडील शेजारीच उभे होते. तोंडात मिश्री होती, त्यामुळे त्यांना बोलता आलं नाही.