ताईची संमती

माझी ताई लॉन्ड्रीत इस्त्री करते. हॉटेलांच्या चादरी, दिवसभर, उभ्याने. बोलणं अगदी कमी. "चहा घेतेस का?" विचारलं तरी आधी घरातल्या कुणाच्या तरी तोंडाकडे बघेल आणि मग मान हलवेल. मला याचा भयंकर राग येतो. त्याहून जास्त राग येतो तिच्या नणंदेचा. मोठी नणंद, त्याच घरात राहते आणि अख्खं घर तिच्या तालावर नाचतं.

ही बाई दवाखान्यात नर्स. तिथे दंडात बसवायच्या एका नव्या गर्भनिरोधक कांडीची चाचणी सुरू झाली आणि चाचणीला बाया मिळेनात. मग काय, हक्काची भावजय होतीच घरात! डॉक्टरीणबाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "कुणाची जबरदस्ती नाही ना? कधीही सोडू शकता, बरं का." नणंद शेजारीच उभी. "छे हो, स्वतःहून आलीये," असं तीच म्हणाली. ताईने मान हलवली. झाली संमती! अहो, जिच्याबरोबर रोज एका छपराखाली राहायचंय तिच्यासमोर नाही कोण म्हणेल? एवढीही अक्कल नको?

कांडी बसली आणि ताईचं रक्त जायचं थांबेना. चेहरा पांढराफटक. टेबलाला धरून इस्त्री करायची. तिला कांडी काढून हवी होती, बस्स. नणंद म्हणे, "जरा कळ काढ गं. माझीच भावजय सोडून गेली तर मी तिथे कुठल्या तोंडाने उभी राहू?" हिचं तोंड महत्त्वाचं, ताईचा जीव गेला खड्ड्यात!

माझं डोकं सणकलं. ताईचा हात धरला आणि तिला थेट डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. मागोमाग नणंदही आत घुसली.

"काय त्रास होतोय?" बाईंनी ताईला विचारलं.

"काढा ती कांडी, आत्ताच्या आत्ता!" मी म्हणाले.

"काही नको. सवय होईल, तीच म्हणाली मला," नणंद म्हणाली.

"माझी बहीण आहे ती!"

"आमच्या घरची सून आहे!"

"वन्सं, तुम्ही बाहेर जा," ताई म्हणाली.

नणंदेचं तोंड असं काही उतरलं की मला गुदगुल्या झाल्या. "ऐकलंत ना? निघा!"

"तूही जा," ताई मला म्हणाली.

"अगं, मी तुझ्याच बाजूने बोलतेय!"

"बोलू नकोस. मला बोलायचंय."

दार लागलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी, एकमेकींकडे पाठ करून. आतून ताईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती थांबत नव्हती. मी तिची सख्खी बहीण, आणि इतकं सलग बोलताना तिला कधी ऐकलंच नव्हतं.

दंडाला पट्टी बांधून ती बाहेर आली तेव्हा आम्ही दोघीही एकदमच उठलो, "काय झालं?" तिने चपला घातल्या आणि एकटीच निघून गेली.