खरखर थांबते तेव्हा

दिवेलागणीला कपडे वाळत घालायच्या तारेला मी रेडिओच्या एरियलची वायर अडकवतो आणि शॉर्टवेव्हवर दूरदेशचे आवाज शोधत बसतो. एका केंद्रावरची बाई रोज बातम्यांआधी हलकंसं खाकरायची. तिची भाषा मला कळत नव्हती. खाकरणं मात्र ओळखीचं झालं होतं. पुढे ते केंद्र बंद पडलं. तरी माझा काटा सवयीने तिथेच जातो.

शॉर्टवेव्हवर सगळं उलटं असतं. कोणी नसलं की खरखर ऐकू येते. कोणी आलं की ती आधी शांत होते, मग बोलणं सुरू होतं. काल त्या जागेवरची खरखर एकाएकी विरली. मी वाट पाहिली. शब्द नाही, सूर नाही.

वाळलेले कपडे काढता काढता बायको थबकली. "अहो, कोण आहे?"

"कोणी नाही. त्या बंद केंद्राचं यंत्र चालू आहे नुसतं."

"मग बंद करा की."

माझा हात बटणापर्यंत जाऊन तिथेच राहिला. तीही हातातले कपडे धरून ऐकत उभी राहिली. बऱ्याच वेळाने खरखर परत आली, तेव्हा मी रेडिओ बंद केला. जेवताना मात्र आम्ही दोघंही हळू आवाजात बोलत होतो, पलीकडे कोणी ऐकत असल्यासारखे.