बूड न टेकता तलावाचा फेरा

यावल तालुक्यातल्या त्या गावात जीवराम आबांना केळीवरून कोणी ओळखत नसे. केळी काय, सगळ्यांचीच होती. आबांची ओळख पंगतीची. गावात कोणाचंही लग्न असो, पहिल्या पंगतीत उजव्या टोकाला आबा मांडी घालून बसायचे आणि त्यांनी वरणात बट्टी कुस्करली, की मगच बाकीचे पानाला हात लावायचे. जळगावच्या एका मंगल कार्यालयात उभ्याने जेवायची सोय पाहून ते आहेर देऊन उपाशीच परत आले होते. "उभ्यानं ढोरं खातात," असं यजमानाला सांगूनच आले.

म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी उजवा गुडघा बदलावा लागेल असं म्हटल्यावर आबांनी एकच प्रश्न विचारला.

"मांडी?"

"मांडी नाही घालायची. खुर्चीवर बसायचं."

आबा ताडकन उठले, म्हणजे मुलाच्या, योगराजच्या खांद्याला धरून उठले, आणि बाहेर आले.

महिनाभर घरात तोच विषय. अखेर सगळ्यांनी मिळून ऑपरेशनसाठी डिसेंबरातला एक सोमवार ठरवला, तर आदल्या शनिवारी आबांनी डाव टाकला. योगराज आणि सून भूमिका रविवारी सातपुड्यातल्या वरच्या तलावाला फेरा मारायला जाणार होते. तीन बाजूंनी डोंगर आणि काठाकाठाने सात किलोमीटरची पायवाट.

"मी बी येतो," आबा म्हणाले. "गाडीतून उतरल्यापासून फेरा पुरा होईपर्यंत कुठी बूड टेकत नाही. झाला पुरा, तर या घरात ऑपरेशनचं नाव कोणी काढायचं नाही."

"आणि टेकलं तर?" आबांच्या बायकोने, शेवंताबाईंनी विचारलं.

"तर सोमवारी न्याल तिथं येतो."

"मग मी बी येते. पंच लागंल ना."

वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यावरचे कुवरसिंग होते. वयाने आबांच्याच बरोबरीचे, पण चालायचे असे, की जणू उतारच आहे. पहिली चढण आबा सगळ्यांच्या पुढे चढले. तिच्यापुढे मात्र त्यांना अचानक झाडांची माहिती हवीशी वाटू लागली.

"कुवरसिंग भाऊ, हे झाड कशाचं?"

"साग."

साग न ओळखणारा शेतकरी आबांनी जन्मात पाहिला नव्हता. पण उत्तर फारच लवकर संपलं होतं, म्हणून त्यांनी पुढचंही झाड विचारलं. कुवरसिंग तेवढ्यावरून समजले. तिथून पुढे ते प्रत्येक झाड कोणी तोडायला आलं होतं, कोणी वाचवलं, त्याखाली कोणाची शेळी व्याली, सगळं सांगू लागले. एका धावड्याच्या झाडाशी तर शेवंताबाईच म्हणाल्या, "भाऊ, झाडाचं सांगता का त्याच्या खानदानाचं?"

आबा तोवर खोडाला टेकले होते.

"हे चालतं का?" भूमिकाने विचारलं.

पंचांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पाठ चालंल. खालचं नाही."

पाणी निळंशार होतं, त्यात डोंगर उलटे उतरले होते, मधोमध बदकं. आबांनी हे सगळं पुष्कळ वेळ आणि पुष्कळ ठिकाणांहून पाहिलं.

साडेबाराला, तलावाच्या पलीकडच्या काठाला, भूमिकाने मोहाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली. शेतातून कापून आणलेली केळीची पानं मांडली. वरण, बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, तुपाचा डबा. सगळे मांडी घालून बसले आणि आबांच्या लक्षात आलं, की अट घालताना जेवण विचारात घ्यायचं राहून गेलं.

"बसा की," शेवंताबाई म्हणाल्या. "कोणी अडवलं?"

"बुफे लावू का, आबा?" योगराजने विचारलं.

"आबा, आठे दगड चांगला शे," कुवरसिंगांनी बाजूचा दगड दाखवत सरळ मनाने सुचवलं.

आबांनी एक पान हातावर घेऊन पाहिलं. वरण कोपरापर्यंत आलं. पान खाली ठेवलं, तर हातांना काही काम उरेना. मग त्यांनी वरणाचा डबा उचलला आणि वाढायला लागले.

हे घरच्यांनी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याआधी आबा कधी पहिल्या पंगतीला बसतच नसत. ते वाढायचे. शंभर पानांत तूप कोणाला जास्त लागतं, हे त्यांना पाठ होतं. गुडघा वाकेनासा झाला तसे ते उजव्या टोकाला जाऊन बसले. गावाने त्याला मान समजलं आणि आबांनीही समजू दिलं.

आज ते कुवरसिंगांच्या पानावर तूप सोडत होते. "पुरे, पुरे," कुवरसिंग म्हणाले. पुरे म्हणजे आणखी एक पळी, हे आबांना कोणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या फेरीला गुडघ्यातून कळ आली. तिसरीला त्यांनी योगराजच्या डोक्यावर हात ठेवला. योगराजला वाटलं आशीर्वाद, म्हणून तो गप्प बसला. आबा तसेच उभे राहिले. पानं तर चारच होती.

नंतर झाडाआड जाऊन त्यांनी दोन बट्ट्या उभ्यानेच खाल्ल्या. ते दिसण्यासारख्या जागी फक्त कुवरसिंग होते, आणि त्यांनी तलावाकडे तोंड करून घेतलं.

चारच्या सुमाराला आबा जिथून निघाले होते त्या धरणाच्या भिंतीशी पोचले. शेवटचा अर्धा किलोमीटर कुवरसिंगांच्या खांद्यावर झाला, पण खांद्याबद्दल अट नव्हती. गाडीत ते असे बसले, की गाडी हलली.

"जिंकले तुम्ही," शेवंताबाई म्हणाल्या. "आता विषय बंद."

आणि खरंच बंद झाला. संध्याकाळी ओट्यावर त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, भूमिका मदतीला, योगराज मोबाइलमध्ये. ऑपरेशनचं नाव नाही की गुडघ्याचं नाही. आबा खुर्चीत बसून वाट पाहत राहिले.

"उद्या सोमवार ना?" ते म्हणाले.

"हो."

"जळगावले कोणी जाणार होतं ना?"

"आता कायले? काही काम नाही."

शेंगांचा ढीग निम्मा झाला.

"मी म्हणतो, मांडी गेली तर गेली. पण वाढताना वाकता येईल का, एवढं विचारायला पाहिजे."

"कोणाले?" शेवंताबाईंनी वर पाहिलं नाही.

"डॉक्टरले."

"कशाबद्दल?"

आबांनी सुनेकडे पाहिलं. ती शेंगा मोजू लागली. मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये आणखी खाली वाकला.

"ऑपरेशनबद्दल," आबा म्हणाले.

"नाव तुम्ही काढलं हो. आम्ही नाही काढलं," शेवंताबाई म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं. "योगराज, साडेसातले गाडी काढजो."